नागपुरात एचआयव्हीच्या तपासणीसाठी घरी येऊन रक्त नेणारी सर्व्हिस: आमचा अनुभव

मामाला विचारूनच हे लिहून राहिलो आहे. तो म्हणाला लिही बापा, फक्त माझं नाव टाकू नको, कोणाच्या तरी कामी येईल. लॅबचं नाव पण मी मुद्दामच टाकत नाही, कारण या सर्व्हिसमध्ये बोर्ड कोणाचा आहे याच्यापेक्षा त्या दिवशी दारात कोण येतो आणि फोनवर कोण बोलतो यावर सगळं असतं. एकाच लॅबचे दोन पोरं येऊन गेले तर दोन वेगळ्या लॅबचे वाटावे इतका फरक पडतो.

आधी आमची गरज काय होती ते सांगतो. मामा बऱ्याच वर्षांपासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर, आहे. गोळ्या मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, एआरटी सेंटरमधून मिळतात, तिथे गोळ्या, सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी), व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे त्याची तपासणी) सगळं फुकट आहे आणि आमची तिथली काहीच तक्रार नाही. पण यंदा पाय घसरून त्याचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आमची फ्लॅट स्कीम जुनी, लिफ्ट नाही, वरचा माळा. गोळ्या त्याचं सेंटरचं हिरवं पुस्तक घेऊन मी आणू शकतो, रक्त मात्र त्याचंच पाहिजे ना. त्यात हाडासाठी कॅल्शियमची गोळी सुरू झाली. त्याच्या टीएलडीमध्ये, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेल्या एचआयव्हीच्या गोळीत, डोल्युटेग्राव्हिर नावाचं औषध असतं, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्याच्यासोबत उपाशीपोटी घेतली तर ते अंगाला नीट लागत नाही. एक तर दोन्ही जेवणासोबत घ्यायच्या, नाहीतर एचआयव्हीची गोळी कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. हाडाच्या डॉक्टरला हे कोणी सांगितलंच नव्हतं, दोन्ही गोळ्या सकाळी चहाच्या आधी एकत्रच चालू होत्या. एआरटीच्या डॉक्टरांना कळलं तसं त्यांनी वेळ बदलून दिली आणि म्हणाले की वर्षाच्या तपासणीची वाट नका पाहू, व्हायरल लोड आत्ताच करून घ्या, जमत असेल तर घरूनच सॅम्पल द्या.

पहिली लॅब आम्ही ऑनलाइन बुक केली. वेळेवर आला पोरगा, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण खाली गेटवर वॉचमनला त्याने फ्लॅट नंबर विचारताना टेस्टचं नाव पण सांगून टाकलं. गेटवर! वॉचमन, दूधवाला, समोरच्या घरच्या काकू, कोण कोण ऐकत असतं. वर आला, स्लिप परत वाचली आणि हातात एक ग्लोव्ह होता त्याच्यावर दुसरा चढवला, मामाच्या डोळ्यासमोर. मामा काही बोलला नाही, पण रक्त देताना त्याने तोंड भिंतीकडे करून घेतलं होतं. इतक्या वर्षांत त्याने हे खूप पाहिलंय. ग्लोव्ह घालणं बरोबरच आहे, पण तो प्रत्येक पेशंटला घालायचा असतो, शुगर तपासायला आलेल्या आजोबांना पण तोच आणि मामाला पण तोच, कारण कोणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं आणि बऱ्याच लोकांना तर स्वतःलाच माहीत नसतं. स्लिप वाचून दुसरा ग्लोव्ह चढवणारा माणूस याचा अर्थ आधीच्या घरी तो काळजी घेत नव्हता असाच होतो.

रिपोर्टचा मेसेज पण टेस्टच्या नावासकट बुकिंगच्या नंबरवर आला. आमच्याकडे तो नंबर माझा होता म्हणून निभावलं, पण घरात एकच फोन असतो, पोरं त्यावर गेम खेळत असतात, अशा घरी काय होईल विचार करा. मी फोन करून बोललो तेव्हा तिकडच्या बाईंनी सिस्टिमच तशी आहे सांगितलं. मी त्यांना सांगितलं की मॅडम, 2017 चा एचआयव्ही एड्स कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून देशभर लागू आहे, त्यात कोणाची एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय फोडता येत नाही आणि ज्यांच्याकडे ही माहिती असते त्यांनी ती जपून ठेवायची असते. त्यांनी माफी मागितली, चांगल्या बोलल्या, पण पुढच्या वेळेस काय बदलणार ते काही सांगितलं नाही. म्हणून ती लॅब सोडली.

दुसरी लॅब रामदासपेठेतली, एका ओळखीच्या नर्सताईंनी सांगितलेली, छोटी आहे, ॲप वगैरे काही नाही, सरळ फोन करायचा. आणि इथे फोनवरच फरक कळला. त्यांनी स्वतःहून विचारलं की रिपोर्ट कोणाच्या नंबरवर पाठवू, पासवर्ड लावू का, पोरगा येईल तेव्हा लॅबचं टी-शर्ट घालून चालेल का साध्या कपड्यात पाठवू, गेटवर काय सांगायचं. मी म्हटलं गेटवर फक्त ड्रेसिंगवाला आला सांगा, मामाचं ऑपरेशन झालंय हे सगळ्या स्कीमला माहीत आहे. तसंच झालं.

आलेला भाऊ विशीतला असेल. हात धुतले, पलंगाजवळ स्टूल घेऊन बसला, मामाला पूर्ण नाव आणि वय विचारलं आणि स्लिपशी जुळवलं. मग आधी पिवळ्या टोपणाची ट्यूब, मग जांभळ्या, शेवटी करडी, सगळ्या एकाच सुईतून. पिवळी क्रिएटिनिन आणि लिपिडसाठी, कारण टीएलडीमधलं टेनोफोव्हिर चालू असलं की किडनीवर नजर ठेवावी लागते, करडी शुगरची, आणि जांभळ्या सीडी फोर आणि व्हायरल लोडच्या. जांभळी भरली की तो ती हलवत नव्हता, हळूच उलटी करायची, सरळ करायची, परत उलटी, आठ-दहा वेळा, अगदी सावकाश. मी विचारलं तर म्हणाला जोरात हलवलं तर रक्तपेशी फुटतात आणि नाही केलं तर गुठळी होते, दोन्हीत सॅम्पल वाया आणि काकांना परत टोचावं लागेल. लेबल तिथेच पलंगाजवळ लिहून लावले, लेबलवर नाव आणि कोड, टेस्टचं नाव नाही. सुई टोपण न लावता सरळ पांढऱ्या जाड डब्यात टाकली, कापूस पिवळ्या पिशवीत, आणि सगळं सोबत घेऊन गेला, आमच्या डस्टबिनमध्ये काही सोडलं नाही. मामा नंतर म्हणाला, "ह्या पोट्ट्याचा हात हलका आहे बे, समजलंच नाही."

आता नागपूरच्या लोकांनी खास लक्ष द्यावं असं. मे महिन्यात इथे 45 डिग्री असते आणि गाडीच्या डिक्कीत त्याच्याहून जास्त. व्हायरल लोडचं रक्त गारव्यात राहायला पाहिजे आणि 24 तासांच्या आत त्यातला प्लाझ्मा (पेशी सोडून उरलेला पातळ भाग) वेगळा करायला पाहिजे, नाहीतर आकडा भरवशाचा येत नाही. सीडी फोरचं उलट, ती ट्यूब बर्फाला टेकवायची नाही, फ्रिजमध्ये पण नाही, साध्या खोलीच्या तापमानाला ठेवून साधारण 48 तासांत मशीनवर लागली पाहिजे, कारण तिथे जिवंत पेशी मोजायच्या असतात. म्हणजे एकाच डब्यात सगळं कोंबून नेणारा असेल तर त्याला थांबवा. या भावाच्या डब्यात दोन कप्पे होते, आइस पॅक एका बाजूला कापडात गुंडाळलेला. बुक करताना एवढंच विचारा की प्लाझ्मा नागपुरातच वेगळा करता का तसंच रक्त मुंबईला पाठवता, आणि उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरीकडे विचारा. आणि सकाळची पहिली वेळ घ्या. व्हायरल लोडला उपाशी राहावं लागत नाही, पण शुगर आणि लिपिड सोबत असेल तर चहा नंतर.

रिपोर्टवर आलं टार्गेट नॉट डिटेक्टेड. मामीने देवाला साखर ठेवली. तरी मी तिला समजावलं की याचा अर्थ विषाणू गेला असा नाही, तो इतका कमी आहे की मशीनला सापडत नाही, गोळ्या बंद केल्या तर परत वाढतो. पण गोळ्या नियमित घेऊन असाच राहिला तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला होत नाही, हे आता पक्कं सिद्ध झालेलं आहे आणि हे मी मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडे अजून ताट-वाटी वेगळी ठेवणारे लोक आहेत. रिपोर्टची प्रिंट एआरटी सेंटरला नेऊन दिली म्हणजे त्यांच्या रेकॉर्डला पण लागतं, हे विसरू नका.

पहिल्यांदाच तपासणी करणाऱ्यांसाठी मात्र माझं मत वेगळं आहे. माझ्या एका मित्राने घरूनच टेस्ट केली, काही दिवसांपूर्वी लागण होऊ शकेल असा एक प्रसंग झाला होता, त्याची भीती होती त्याला, आणि लॅबच्या फोनवाल्याने कोणतीही करा सर, चालते, असं सांगितलं. नाही चालत. फोर्थ जनरेशन टेस्टला (विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी) लागण पकडायला साधारण 18 ते 45 दिवस लागतात, त्याआधीच्या निगेटिव्हवर विसंबता येत नाही. आणि प्रसंग होऊन 72 तास व्हायचे असतील तर लॅबला फोनच करू नका, तडक मेडिकल नाहीतर मेयोच्या (इथलं दुसरं सरकारी हॉस्पिटल) कॅज्युअल्टीत जा आणि पीईपी मागा, लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या 28 दिवसांच्या गोळ्या असतात, जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं. मित्राला हे वेळेत कळलं असतं तर त्याच्या झोपेचं एवढं खोबरं झालं नसतं. नंतर 45 दिवस झाल्यावर केलेली टेस्ट निगेटिव्ह आली, पण मधले दिवस त्याने कसे काढले ते मी पाहिलंय. सरकारी आयसीटीसीमध्ये (एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) टेस्टच्या आधी आणि नंतर समुपदेशक बसवून बोलतात, फुकट, आणि पॉझिटिव्ह सांगायच्या आधी वेगवेगळ्या तीन किटवर तपासतात. घरी येणारा भाऊ कितीही चांगला असला तरी हे काम त्याचं नाही, आणि मोबाइलवर रात्री रिॲक्टिव्ह, म्हणजे पहिल्या तपासणीत लागणीची शंका, असा एक शब्द येऊन पडला तर माणूस एकटा काय करेल. तो एकच रिपोर्ट शेवटचा नसतो हे सांगायला पण कोणी नसतं. फोनवर बोलायचं असेल तर 1097 हा फुकटचा नंबर आहे.

पैसे. व्हायरल लोड खासगीत स्वस्त नाही, चार आकडी बिल होतं, सीडी फोर वेगळं. जो चालत जाऊ शकतो त्याने सेंटरलाच जावं, तिथे हेच फुकट होतं आणि डॉक्टर पण भेटतात. अंथरुणावर असलेला, शिफ्टची नोकरी असलेला किंवा सेंटरच्या रांगेत ओळखीचं कोणी दिसेल म्हणून टेस्टच न करणारा, अशांना ही सर्व्हिस खरंच घ्यावी अशी आहे. दुसऱ्या लॅबला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा यासाठी कापला की बिलावर टेस्टचं नाव मोठ्या अक्षरात होतं, ते त्यांनी सांगितल्यावर बदलून दिलं, पण सांगावं लागलं. रविवारी व्हायरल लोडचं सॅम्पल घेत नाहीत, ते मला बरोबरच वाटलं, मशीन बंद असताना रक्त नेऊन काय करणार.

ही लॅब रिंग रोडच्या बाहेर येत नाही. हिंगणा, बुटीबोरी, कामठीकडे दोन कप्प्यांचा डबा आणि साध्या कपड्यात माणूस पाठवणारी कोणती लॅब तुम्ही वापरली असेल तर सांगा, बुटीबोरीच्या एका ताईंना पुढच्या महिन्यात व्हायरल लोड करायचं आहे आणि त्यांच्या घरी सासूला काही माहीत नाही.