साताऱ्यात घरी गेल्यावर एकच दिवस मोकळा: वासोटा, कास की अजिंक्यतारा?

पुण्या-मुंबईत किंवा त्याहून लांब नोकरी करणाऱ्या सातारकराला सुट्टीत खरा मोकळा असा एखादाच दिवस मिळतो. बाकीचे दिवस मावशीकडचं जेवण, बँकेतलं आईबाबांचं काम, कुणाची तरी वास्तुशांत यात जातात. त्या एका दिवसात कॅमेरा घेऊन डोंगरात जायचं तर कुठे, असं मित्रांच्या ग्रुपवर दर सुट्टीत कुणी ना कुणी विचारतं. उत्तरं ठरलेली असतात. "वासोटा केला नाहीस? मग कसला सातारकर!" नाहीतर "कासला जा की." पहिलं उत्तर, जंगलातल्या किल्ल्याचं, ट्रेकरचं; दुसरं, फुलांच्या पठाराचं, पर्यटकाचं. घरी आलेल्या माणसाकडे तास मोजके असतात आणि ते कोणत्या वेळचे मिळतील हे आईच्या हातात असतं. फोटो काढायचा तर वेळ म्हणजेच उजेड. दिवाळीत घरी जाऊन आल्यावर हे पुन्हा पटलं, म्हणून इथे तुलना एकाच गोष्टीवर करतोय: कोणती जागा तुम्हाला चांगल्या उजेडात वर उभं राहू देते.

आधी कॅलेंडर बघा, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. कासची फुलं साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. वासोटा पावसाळ्यात बंद असतो आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास उघडतो. म्हणजे गणपतीला आलात तर वासोट्याचा विषयच नाही, आणि दिवाळीला आलात तर कासच्या पठारावर वाळलेलं गवत. लोक या दोघांत निवड करायला बसतात, पण खरं तर ते एकमेकांसमोर येतच नाहीत. मे महिन्यात दोन्ही सोडून द्या. पठार करपलेलं असतं, कोयनेचं पाणी मागे हटलेलं असतं आणि धुरकट हवेत लांबचा डोंगर दिसत नाही. शहरालगतचा अजिंक्यतारा किल्ला आणि समर्थ रामदासांचा सज्जनगड मात्र बारा महिने उघडे.

वासोटा

चालायला जायचं असेल तर साताऱ्याच्या आसपास वासोट्याला तोड नाही, हे आधीच कबूल. यवतेश्वरचा घाट चढून, कास ओलांडून बामणोलीला उतरायचं, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि बोटीने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पार करायचा. बोटीला तास-दीड तास लागतो. पलीकडे मेट इंदवलीला उतरलं की कोयना अभयारण्याचं दाट जंगल सुरू होतं. चढ दोन-अडीच तासांचा आणि बराचसा सावलीत. पाऊस नुकताच संपला असेल तर जळवा असतातच, मोज्यात पँट खोचूनच निघा.

इथली नाक्यावरची तपासणी मला आवडते. वनखात्याचा माणूस सॅक उघडायला लावतो आणि पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, चिप्सची पाकिटं, वेफर्सच्या रिकाम्या पिशव्यासुद्धा मोजून वहीत लिहितो. परत येताना तेवढंच प्लास्टिक दाखवायचं. रांगेत दहाजण असले की वैताग येतो खरा, पण वर गेल्यावर झाडाखाली कागद दिसत नाही त्याचं कारण ही वही आहे.

वर बिनछपराचा मारुती, पाण्याची टाकी, वाड्याचं जोतं, महादेवाचं देऊळ आणि मग बाबूकडा. समोर जुना वासोटा, मधे खोल दरी, लांबवर नागेश्वरचा सुळका. 1818 मध्ये इंग्रजांनी तोफा चढवल्या त्या याच समोरच्या जुन्या वासोट्यावर, आणि तिथून मारा करून किल्ला घेतला. कड्यावर उभं राहिलं की तो डोंगर किती जवळ आहे ते दिसतं आणि असल्या अवघड जागेचा किल्ला का पडला ते कळतं.

पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने वासोटा दगा देतो. सकाळची पहिली बोट धरली तरी कड्यावर पोचेपर्यंत दुपार होते. डोक्यावरच्या उन्हात बाबूकड्याचे थर पुसल्यासारखे दिसतात आणि दरी निळसर, पांढुरकी होते. संध्याकाळपर्यंत थांबू म्हणाल तर ते चालत नाही. अभयारण्य आहे, गडावर मुक्कामाला मनाई आणि अंधाराच्या आत बोट परत लागली पाहिजे. म्हणजे ज्या उजेडात हा कडा खरा खुलतो, तो उजेड कायद्यानेच तुम्हाला मिळत नाही. वासोट्याचे बहुतेक फोटो एकसारखे का दिसतात, याचं उत्तर बोटीच्या वेळापत्रकात आहे.

मग काय काढायचं? बोटीतून काढा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सकाळी पाण्यावर वाफ असते, जावळीच्या डोंगरांच्या एकामागे एक रांगा उठतात आणि सूर्य अजून तिरपा असतो. बोट हलते, म्हणून शटर वेगवान ठेवा आणि काठाला टेकून काढू नका, इंजिनाचा थरथराट कॅमेऱ्यात उतरतो. दिवसातला सगळ्यात चांगला फोटो गड चढायच्या आधीच मिळालेला असतो. ड्रोन घरी ठेवा, अभयारण्यात त्याला परवानगी नाही.

दुसरी अडचण माणसांची. बोट अख्खी घ्यावी लागते, त्यामुळे दहाजणांत स्वस्त आणि दोघांत महाग. एकट्याने सुट्टीच्या दिवशी बामणोलीत जाऊन दुसऱ्या ग्रुपमध्ये जागा मागता येते, पण मग वेळ त्यांची. आणि घर? पहाटे निघून रात्री परत. "चार दिवसांसाठी आलायस आणि त्यातला एक डोंगरात घालवतोस?" हे ऐकायची तयारी ठेवा. त्यात आईची काही चूक नाही.

अजिंक्यतारा

आम्ही लहानपणापासून ज्याच्या पायथ्याशी वाढलो, त्याला कुणी ट्रेक म्हणत नाही. वर गाडीरस्ता आहे, माथ्यावर प्रक्षेपणाचे मनोरे आहेत, सकाळी फिरायला येणारे आजोबा बुरुजावर हात ताणत उभे असतात. बाहेरच्यांच्या यादीत तो क्वचितच असतो. माझ्या मते कॅमेरा घेऊन घरी आलेल्या सातारकरासाठी हीच पहिली पसंती असायला हवी.

कारण उजेड. घरातून साडेपाचला निघालात तर सूर्योदयाला तुम्ही तटावर असता, आणि नऊच्या आत पोह्यांना परत. कुणाला कळतही नाही. शहर किल्ल्याच्या उत्तरेला पसरलंय, किल्ला पूर्व-पश्चिम लांबट. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो, त्यामुळे तटावरून शहराकडे तोंड केलं की उजेड उजव्या खांद्यामागून येतो. आधी महामार्गाकडचा लांबचा भाग उजळतो, अगदी पायथ्याच्या पेठा मात्र बराच वेळ किल्ल्याच्याच सावलीत राहतात. एकाच चौकटीत अर्धं गाव सोनेरी आणि अर्धं निळं, मधे चुलींच्या धुराचा आणि धुक्याचा थर. ही सावली अर्ध्या-पाऊण तासात सरकत जाते. ट्रायपॉड लावून दर पाच मिनिटांनी एक फोटो घ्या आणि नंतर ओळीने लावून बघा.

इथे लांबची लेन्स लागते. मोबाईलवर शहर म्हणजे नुसते ठिपके. 200 मिमीच्या आसपास काहीतरी हाती असेल तर तुम्ही शाळेचं पटांगण शोधता, मग राजवाडा, मग आपली गल्ली, मग पाण्याच्या टाकीवरून आपलं घर. दिवाळीत वर गेलो त्या दिवशी गच्चीवर बाबांनी वाळत घातलेली चादर मला तटावरून दिसली. तो फोटो दुसऱ्या कुणाला दाखवून काही कळणार नाही, पण वासोट्याच्या कार्डभर फोटोंपेक्षा मी तो जास्त वेळा उघडलाय.

इतिहासही इथे फार लांब शोधावा लागत नाही. 1673 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. 1700 च्या वेढ्यात औरंगजेबाच्या लोकांनी तटाखाली सुरुंग लावले. त्यातला एक उलटा फुटला आणि ढासळलेल्या तटाखाली मोगलांचेच लोक गाडले गेले. पुढे किल्ला पडला, त्याचं आझमतारा झालं, मग ताराराणींनी परत घेतला तेव्हा अजिंक्यतारा. मंगळाईच्या देवळाजवळ तटावर हे आठवलं की खालच्या उताराकडे वेगळ्या नजरेने बघणं होतं.

कमी काय? चाल नाही. पायांना तासभराचं काम, तेही डांबरी रस्ता सोडून पायवाटेने चढलात तर. शिवाय दिवस वर आला की मनोरे, तारा आणि रविवारची गर्दी चौकटीत शिरते. संध्याकाळी वर जाण्यापेक्षा खाली टेकडीवरच्या चार भिंती या स्मारकापाशी जा. दिवे लागल्यावरचं सातारा तिथून जवळ आणि जास्त चांगलं दिसतं.

कास

गणपतीत आलात तर कास. पण अपेक्षा नीट ठेवून जा. युनेस्कोने 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यात कास आहे, म्हणून लोक फुलांच्या भिंती बघायच्या तयारीने येतात. इथली फुलं बोटाच्या पेराएवढी असतात. जांभ्याच्या कातळावर जेमतेम इंचभर माती, तिच्यात जी उगवतील तीच. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, मिकी माऊस म्हणतात ती पिवळी कवल्याची फुलं, कीटक धरणारा दवबिंदू. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा.

म्हणजे हे मॅक्रोचं काम आहे, आणि गंमत म्हणजे इथे उजेडाची चिंता नाही. ढगाळ, मऊ उजेडच फुलांना हवा असतो, तो दिवसभर मिळतो. त्यामुळे सकाळ घरच्यांना देऊन दुपारी गेलात तरी बिघडत नाही. चिंता गर्दीची आहे. हंगामात रोजच्या पर्यटकांवर मर्यादा असते आणि ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, शनिवार-रविवार तर आधीच भरतो. मधला वार घ्या. वाटेवरून फुलांत उतरायचं नाही, त्यामुळे वाटेच्या कडेला जे आहे तेच तुमचं. 100 मिमीची मॅक्रो लेन्स असली तर उत्तम, नाहीतर हल्लीच्या मोबाईलचा मॅक्रो चालतो. लेन्स पुसायला चार फडकी न्या, धुकं काचेवर बसतं. चालणं म्हणाल तर जवळपास शून्य. कुमुदिनी तळ्यापर्यंत फेरफटका मारता येतो, तेवढाच.

आईबाबा बरोबर असतील तर

हा वेगळाच प्रश्न आहे, आणि बहुतेकांचा खरा प्रश्न हाच असतो. अशा वेळी वरचे तिन्ही बाजूला ठेवून सज्जनगडला जा. गाडी बरीच वरपर्यंत जाते, उरलेल्या पायऱ्या थांबत थांबत होतात. समर्थांच्या समाधीचं दर्शन, दुपारचा प्रसाद, मागच्या बाजूला भन्नाट वारा आणि खाली उरमोडी धरणाचं पाणी. दुपारी उशिरा निघून संध्याकाळच्या आरतीपर्यंत थांबलात तर उजेडही चांगला मिळतो. पाऊस नुकताच संपला असेल तर पुढे ठोसेघरचा धबधबा जोडता येतो. त्याचा फोटो सगळ्यांकडे असतो, तुम्ही नाही काढलात तरी चालेल.

गुडघे फारच दुखत असतील तर पायऱ्यांचा हट्ट नको. संध्याकाळी गाडीने यवतेश्वरच्या घाटात जा, एका वळणावर गाडी बाजूला लावा. तिथून अजिंक्यतारा आणि त्याच्या कुशीतलं गाव एकदम दिसतं. आईबाबांना गाडीत बसल्या बसल्या बघता येतं, तुम्हाला ट्रायपॉड लावता येतो, आणि वाटेत मोती चौकात कंदी पेढे घेऊन आठच्या आत घरी पोचता.