एकच लढाई, तीन नियमसंच: डीबीए, हेल सीझर आणि टू द स्ट्राँगेस्ट वापरून झाल्यावर

टेबलावर छोट्या मूर्तींनी प्राचीन लढाया खेळायचे हे तीन नियमसंच काही महिने आलटूनपालटून खेळलो. तुलना खरी व्हावी म्हणून लढाई एकच ठेवली: इ.स.पू. 326, झेलमचा काठ, अलेक्झांडर विरुद्ध पोरस. पोरसच्या आघाडीला हत्ती, मागे पायदळ, बगलांना घोडदळ आणि रथ. अलेक्झांडरचा सरदार कॉइनस घोडदळासह वळसा घालून भारतीय घोडदळाच्या पाठीवर येतो. हा वळसा टेबलावर कसा घडतो, यावरून नियमांची पारख होते. मारामारीचं गणित तिन्हींत ठीकच आहे. खरा फरक हुकूम पोहोचतो की नाही, यात आहे.

डीबीएत (डी बेलिस अँटिक्विटाटिस) प्रत्येकी 12 एलिमेंट, म्हणजे एकेका पट्टीवर, बेसवर, चिकटवलेल्या मूर्ती. 15 मिमी मूर्तींना 40 मिमी रुंदीचे बेस, आणि 60 सेंमी चौरस मैदान पुरतं. तासाभरात निकाल लागतो. दर पाळीला एक फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढे पिप, म्हणजे हुकुमाचे गुण. एका पिपात सलग जुळलेला एक गट हलतो. गट तुटला की प्रत्येक तुकड्याला वेगळा पिप. फॅलँक्स (लांब भाल्यांचं दाट पायदळ), कंपॅनियन घोडदळ (अलेक्झांडरचे निवडक स्वार), कॉइनस आणि हलकं पायदळ असे चार गट केलेत आणि 2 पडले, तर दोन गट जागीच उभे. म्हणून वळसा सुरुवातीलाच, बाकीची रांग अखंड असताना उरकून घ्यावा. डोकेदुखी आहे ती मिलिमीटरची. बेस 1 मिमी जास्त रुंद कापले तर आठांच्या रांगेत 8 मिमी फरक साठतो, समोरच्या कोपऱ्याला कोपरा जुळत नाही आणि बगल उघडी पडल्याचा वजा 1 कुणाच्या फाशाला, यावर वाद होतो. सगळे बेस एकदमच कापून घ्या, आणि तेही लेझरवर.

हेल सीझर सगळ्यात देखणं आणि सगळ्यात जागाखाऊ. हुकूम आधी मोठ्याने सांगायचा, 'टेकडीमागून जाऊन त्यांच्या पाठीवर धडक', आणि मग दोन फासे. सेनानीचा आकडा बहुधा 8 असतो. 8 किंवा 7 पडले तर एक चाल, 6 ला दोन, 5 किंवा खाली तीन. 36 पैकी 26 वेळा हुकूम पोहोचतो. चुकला, तर त्या सरदाराचे पुढचे हुकूम त्या पाळीपुरते बंद, त्यामुळे सर्वांत गरजेचा हुकूम पहिला द्यायचा. घोडदळाची चाल 9 इंच, म्हणजे तीन चालींत 27 इंच. 6×4 फुटी टेबलावर कॉइनस एकाच पाळीत पोरसच्या मागे पोहोचतो आणि वळशातली सगळी चुरस संपते. 15 मिमी मूर्ती असतील तर सगळी अंतरं निम्मी करा. लहान टेबलावर हा खेळ तेव्हाच जमतो. जड पायदळ 7 फासे टाकतं, 4 किंवा वर लागला की घाव, त्यातले 4 किंवा वर पडले की वाचतात, आणि दम, म्हणजे घाव सोसायची ताकद, 6. घाव मोजायला युनिटमागे फासे ठेवू नका, रांग सरकवताना लवंडतात. लाल मणी बरे.

माझी पसंती मात्र टू द स्ट्राँगेस्टला. मोजपट्टी नाही, फासे नाहीत, सगळं चौकोनांवर. 6×4 फुटांवर 6 इंची चौकोन आखले की 12×8 होतात. राजा-राणी-गुलाम काढलेल्या पत्त्यांतला एक पत्ता ओढायचा: एक्का आला तर हुकूम फसला. त्याच युनिटला पुन्हा हलवायचं तर मागच्यापेक्षा खालचा पत्ता चालत नाही. पहिला 8 आला असेल तर पुढे जाणं हा जवळपास दहात तीनचा जुगार, आणि फसला की त्या अख्ख्या तुकडीची, म्हणजे एका सरदाराखालच्या सगळ्या युनिटांची, पाळी संपते. कॉइनसला थांबवावं की रेटावं, हा पेच दर पाळीला नव्याने पडतो. अलेक्झांडरच्या सरदारांना तो पडलाच असेल. कॉइनसची तुकडी वेगळी आणि छोटी ठेवा, नाहीतर एका फसलेल्या पत्त्यापायी फॅलँक्सही थिजतो.

रेघा आखून मैदान कॅरमबोर्डासारखं करू नका. कोपऱ्यांवर खडे किंवा गवताचे झुबके पुरतात. पत्ते मूर्तींमागे पसरले की टेबल विस्कटलेलं दिसतं, म्हणून 1 ते 10 आकड्यांच्या छोट्या चकत्या, प्रत्येक आकड्याच्या आठ, पिशवीत घालून वापराव्यात.