मातीच्या घराला चुन्याचा गिलावा: 14 महिने राहून पाहिल्यावर

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं आमचं घर मामाजींच्या (माझ्या सासऱ्यांच्या) आजोबांनी बांधलेलं. दीड हात जाड मातीच्या भिंती, सागाचे मयाल (तुळया), वर कवेलू (कौलं). गेल्या वर्षी फेब्रुवारीत सगळ्या घराचा चुन्याचा गिलावा पूर्ण झाला. त्यानंतर एक उन्हाळा, एक पावसाळा, एक कापसाचा हंगाम आणि दोन पोरं एवढं या भिंतींनी झेललं, दुसरा उन्हाळा चालू आहे. आता बोलायला हरकत नाही.

हा खटाटोप हौसेचा नव्हता. बारा वर्षांपूर्वी मामाजींनी खालच्या चार फुटांना सिमेंट मारून घेतलं होतं, तेव्हा गावात सगळेच मारत होते. जुन्या घराचा पाया दगडाचा, ओल अडवणारा थर त्यात नसतो. जमिनीतलं पाणी दगडातून भिंतीत चढतं. उघडी माती ते हवेत सोडून देते, सिमेंट मात्र आत कोंडून ठेवतं. आमचं सिमेंट दिसायला ठणठणीत होतं, पण बोटानं वाजवलं की पोकळ बोलायचं. फोडलं तेव्हा आतली माती ओलीच्या ओली, चिमटीत घेतली की विस्कटायची. उधई (वाळवी) चौकटीपर्यंत पोचली होती. मामाजी बराच वेळ बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "म्या पैसे देऊन सळवली भित."

चुना ओल आत-बाहेर जाऊ देतो आणि मातीसोबत थोडा हलतोही, म्हणून तो निवडला. कळीचा चुना आणून परसातल्या खड्ड्यात विझवला आणि चार महिने पाण्याखाली ठेवला. एक घमेलं चुन्याला दीड रेती, दीड सुरखी (विटांचा चुरा). मिस्त्रीनं वरून गुळाचं पाणी आणि बेलाचा गर घातला. हे काम येणारा मिस्त्री आमच्या गावात नाहीच, तीन गावं फिरल्यावर एक म्हातारे सापडले. त्यांची मजुरी दिवसावर, आणि दिवस किती लागतील हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ज्यांच्या घरी लहान लेकरं असतील त्यांनी एवढं मात्र ऐका. चुना विझताना पाणी उकळतं आणि उडतं. माझ्या मनगटावर एक थेंब पडला, त्याचा डाग अजून आहे. डोळ्यात गेला तर डोळाच जाऊ शकतो. आम्ही खड्ड्याभोवती बाभळीचे काटे लावले, वर जुनं टिन आणि टिनावर पाटा ठेवला. तरी चार महिने माझा अर्धा जीव परसातच असायचा.

वेळेचा घोळ तर विचारूच नका. गिलाव्याला दिवाळीनंतरची हवा चांगली. उन्हाळ्यात पाणी झटकन उडतं, भेगा पडतात, आणि पावसाळ्यात तो वाळत नाही. पण दिवाळीनंतर आमच्या समोरच्या खोलीत कापूस असतो. भाव बरा होईल म्हणून छताला टेकेपर्यंत भरून ठेवायचा, पोरांनी अंग खाजवत त्याच्या कडेला झोपायचं. मग आधी मागच्या दोन खोल्या केल्या, आणि कापूस गेल्यावर समोरची. मधल्या काळात सहा जणांचा संसार, चूल आणि मिक्सर सगळं सपरीत (ओसरीत). या कामात माझं सासूबाईंशी जेवढं वाजलं तेवढं लग्नानंतरच्या नऊ वर्षांत वाजलं नव्हतं. एका वेळी एकच खोली धरा, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

आता भिंतींबद्दल. पावसाळ्यात खालचा भाग गडद झाला, मी घाबरले, पण दिवाळीपर्यंत आपोआप वाळला. पोपडा एकही नाही. उन्हाळ्यात कूलर रात्रंदिवस चालतो, पूर्वी त्या दमटपणानं अंथरुणाला वास यायचा, तो गेला. घर थंड मात्र चुन्यानं झालेलं नाही, ते काम जाड माती आणि कवेलूच करतात. मागच्या खोलीवर आम्ही माकडांच्या त्रासाला कंटाळून टिनं टाकली, तर मे महिन्यात दुपारी तिथं पाय ठेववत नाही, आणि माकडं उड्या मारायची थांबली म्हणता की काय? आता फक्त आवाज मोठा झाला.

तक्रारीही आहेत. टेकलं की पाठ पांढरी होते, मोठीचा शाळेचा निळा फ्रॉक रोज झटकावा लागतो. खिळा धरत नाही, म्हणून फोटो आणि घड्याळ लाकडी पट्टीवर टांगले. दरवर्षी चुन्याचा हात मारावा लागतो. सेवाग्रामची बापूकुटी पाहून आलेले पाहुणे माझ्या भिंतीवरून हात फिरवत "किती साधं, किती सुंदर" म्हणतात. तिथं निगा राखायला माणसं आहेत, इथं मी आहे.

आणि धाकटा भिंत चाटायचा. देवळीच्या (भिंतीतल्या कोनाड्याच्या) खाली, स्वतःच्या तोंडाच्या उंचीवर, त्यानं ओली वाटी करून ठेवली होती. मी आधी चुन्यालाच दोष दिला. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "चुना खाते ना? रक्त तपासा त्याचं." तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. लोहाचं औषध सुरू झालं आणि काही आठवड्यांत चाटणं थांबलं. ती वाटी मी बुजवली नाही.

सजावट म्हणाल तर शेवटच्या हातात थोडी नीळ, खाली गेरूचा पट्टा, देवळ्या तशाच. पितळी वस्तू वगैरे मांडायला गेले होते, पोरांनी दोन दिवसांत त्यांचा भातुकलीला उपयोग केला.

एका जागी मात्र काम फसलं. गिलावा झाल्यावर पंख्याचं बटण हलवायचं होतं. वायरमननं भिंतीत बोटभर झिरी मारली आणि मी शेतात असताना सिमेंटनं भरून टाकली. पावसाळ्यानंतर त्या रेघेच्या दोन्ही कडांना पांढरा लोणा (ओलीबरोबर येणारा खार) फुटला, आता सिमेंटची पट्टी काडीनं उचलली तर हलते. बाकी अख्खी भिंत जशीच्या तशी. मामाजी येता-जाता त्या रेघेवर काठी वाजवतात. खड्ड्यात दोन घमेली चुना अजून पाण्याखाली आहे, दिवाळीनंतर, कापूस भरायच्या आधी, तेवढी झिरी उकरून घ्यायची आहे.