मुलांचं गाणं-वाचन: इंग्रजी संच घ्यावा की मराठीतून बांधावं?

अभिजात ख्रिस्ती पद्धतीने (म्हणजे युरोपातल्या जुन्या विद्यांच्या वळणाने, ख्रिस्ती पायावर) मुलांना शिकवायचं ठरलं, तरी नवापूर, नंदुरबार किंवा धुळ्याकडच्या आईबापांपुढे एक प्रश्न उरतोच. परदेशात तयार झालेला इंग्रजी अभ्यासक्रमाचा संच मागवायचा, की पद्धत तीच ठेवून मराठीतून आपण बांधायचं? गणितात फारसा फरक पडत नाही. गाणं आणि वाचन यांत मात्र पडतो, कारण दोन्हींची सुरुवात कानापासून होते.

पद्धतीचा सांगाडा दोन्हीकडे एकच आहे: व्याकरण, तर्क, वक्तृत्व. इंग्रजी लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात हे तीन टप्पे मुलांच्या वाढीशी जोडले. लहानपणी पाठांतर, मग वाद घालणं, मग नीट मांडणं. पाठांतर म्हटलं की आपण कोणाला हार जाणारे नाही. रविवारच्या शाळेत सुवर्णवचनं (बायबलमधली पाठ करायची वचनं) घडाघडा म्हणणारी पोरं पाहिली की हे पटतं.

आधी वाचन. इंग्रजी संचाचा सुरुवातीचा बराच काळ अक्षर आणि उच्चार यांची गाठ घालण्यात जातो, कारण इंग्रजी स्पेलिंग एका नियमाने चालत नाही. देवनागरीत बाराखडी आणि जोडाक्षरं बसली की मूल वाचू लागतं. 'चमचा' आणि 'चहा' यांतल्या 'च'सारखे खड्डे आहेत, पण थोडेच. वाचलेला वेळ मोठ्याने वाचून दाखवण्यात घालवता येतो, आणि खरं शिक्षण तिथेच होतं. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षिकेचा आग्रह असे की उतारा एकदाच वाचावा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत परत सांगावा. हे साधन दोन्ही वाटांवर चालतं. पण आपल्याकडे घरात अहिराणी, मावची किंवा पावरी बोलली जाते. पुस्तकातली मराठीच मुळात दुसरी भाषा, त्यावर इंग्रजी तिसरी. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' हे मराठीत ऐकून मूल मावचीत सांगत असेल, तर सांगू द्या. त्याला अर्थ कळलाय की नुसते शब्द पाठ झालेत, हे तिथेच दिसतं. थेट इंग्रजी उताऱ्यावर हा प्रयोग केला, तर बहुतेक मुलं गप्प बसतात.

इंग्रजी संचाची जमेची बाजू मोठी आहे, ती नाकारू नये. कोणत्या वयात काय वाचायचं याची क्रमवार यादी आणि शिकवणाऱ्यासाठी मार्गदर्शिका तयार मिळते. मराठीत ती यादी तुम्हालाच करावी लागेल. त्यासाठी सामान मात्र भरपूर आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. ओव्या म्हणायला सुंदर, भाषा मात्र जुनी, म्हणून निवडक वेचेच घ्यावेत. पंडिता रमाबाईंचं बायबल भाषांतर मुद्दाम साध्या मराठीत केलेलं आहे. आणि आसोद्याच्या बहिणाबाई (१८८०–१९५१) तर आपल्याच मातीतल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी कविता कानात आणि तोंडात तयार होत होती. अक्षराआधी कान, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

इथे काही पालक अडतात: बहिणाबाई किंवा ज्ञानेश्वरी ख्रिस्ती अभ्यासात कशाला? पण त्याच इंग्रजी संचात होमर आणि व्हर्जिल हे प्राचीन ग्रीक-रोमन कवी असतात, तेही ख्रिस्ती नव्हते. इजिप्तमधून निघताना इस्राएल लोकांनी तिथलं सोनं सोबत नेलं, तसं परक्यांकडचं चांगलं घ्यावं, असं प्राचीन ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीनने लिहून ठेवलंय. झ्यूस चालतो आणि विठ्ठल चालत नाही, हा हिशेब मला तरी जुळत नाही.

आता गाणं. इंग्रजी संचात स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर स्वर लिहिण्याची पद्धत), चार आवाजांतली गीतं आणि बाखसारख्या रचनाकारांची ओळख असते. मराठी वाटेवर पेटी, तबला किंवा ढोलकी, खंजिरी आणि भजनं, त्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) पदं ठळक. एकाच सुरावटीवर चालणाऱ्या भजनातून चार आवाज एकत्र बसवण्याचा सराव होत नाही. गायनमंडळीत पुढे जायचं असेल, तर ही उणीव खरी आहे. पण सुरुवात सरगमने केली तर काही बिघडत नाही. इंग्लंडात १९व्या शतकात जॉन कर्वेन यांनी रविवारच्या शाळांसाठी सोल-फा (डो-रे-मी म्हणत गायची पद्धत) पसरवलं. त्यात 'डो'ची जागा हलते, जशी आपल्याकडे 'सा'ची हलते. सरगम पक्की झालेल्या मुलाला सोल-फा जड जात नाही.

युरोपातल्या जुन्या सात विद्यांत संगीत अंकगणित, भूमिती आणि खगोल यांच्या पंगतीला बसायचं. ते का, हे दाखवायला एकतारी पुरते. मोकळी तार म्हणजे सा. तार बरोबर मध्यावर दाबून छेडली की वरचा सा, दोन तृतीयांश लांबी ठेवली की प, तीन चतुर्थांश ठेवली की म. मुलाच्या हातात फूटपट्टी द्या आणि जागा त्यालाच शोधू द्या. अपूर्णांक ऐकू येतात, हे त्याला कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळेल. (पेटीचा प यापेक्षा केसभर वेगळा असतो, तेवढं शिक्षकाला माहीत असलेलं बरं.)

माझं मत सरळ आहे. साधारण दहाव्या वर्षापर्यंत दोन्ही विषय मराठीतून बांधा. पुढे संचातलं स्टाफ नोटेशन आणि मोठ्या मुलांची इंग्रजी पुस्तकं तेवढी निवडून घ्या. मूल आधीपासून इंग्रजी माध्यमात असेल आणि घरात कोणी इंग्रजी सहज वाचत असेल, तर संच आधी घेतला तरी हरकत नाही. फक्त भजनं आणि मराठीतून बायबलचं पठण सोडू नका. या पद्धतीत येणारं लॅटिन मी तूर्त बाजूला ठेवेन.

पैसे भरण्याआधी दोन चौकश्या करा. स्टाफ नोटेशन शिकवणारा शिक्षक तुमच्या तालुक्यात आहे का? आणि रोज रात्री मुलाजवळ बसून मोठ्याने वाचणार कोण? ते काम आजीकडे असेल, तर पुस्तक मराठीच आणा.