मशीनची गोळी पाच लिटरवर, ऑक्सिजन ४१ टक्के: नाशिकमध्ये सेकंडहँड ऑक्सिजन मशीन घेताना झालेली फसवणूक

आधी आकडे. घरच्या हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) ३८,५०० रुपये, त्यातले ५,००० टोकन यूपीआयने आणि ३३,५०० रोख. नंतर ‘सर्व्हिसिंग’ म्हणून २,२००. त्यानंतर ‘सिव्ह (ऑक्सिजन गाळणारी आतली नळकांडी) बदलले’ म्हणून ६,८००. म्हणजे त्या एका विकणाऱ्याने आमच्याकडून ४७,५०० रुपये घेतले. टेम्पोचे ६००, हॉस्पिटलचे २७,४६० आणि शेवटी शहाणपण आल्यावर घेतलेल्या ऑक्सिजन मीटरचे (मशीनच्या हवेत किती टक्के ऑक्सिजन आहे ते मोजणारा) ४,८०० धरले तर ८०,३६० रुपये. हे लिहायला लाज वाटते, कारण मी सातपूरला एअर कॉम्प्रेसरच्या मेंटेनन्सवर काम करतो. हवा दाबणारं यंत्र हे माझं रोजचं काम आहे, आणि नेमका त्यातच फसलो.

आईला सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट दम्यासारखा आजार आहे. डॉक्टरांनी कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: मिनिटाला दोन लिटर, दिवसाचे किमान पंधरा तास, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान. नवीन पाच लिटरच्या मशीनचे भाव दोन दुकानांत विचारले, एकाने ५२,००० सांगितले, दुसऱ्याने ६८,०००. ‘स्वस्तात घ्यायला गेलात म्हणून फसलात’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की डिस्चार्ज दुसऱ्या दिवशी होता आणि मशीनशिवाय आईला घरी सोडणार नव्हते. अशा वेळी माणूस चार दुकानं फिरत नाही. विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं.

ही मशीनं बाजारात येतात कुठून, हे कळलं की पुढचं सगळं कळतं. कोरोनाच्या लाटेत २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. त्यानंतर ज्याला परवडलं त्याने मशीन घेऊन ठेवलं. सोसायट्यांनी घेतली, मंडळांनी घेतली, घराघरांत आली. लाट ओसरली आणि मशीनं माळ्यावर गेली. चार-चार पावसाळे तिथेच पडून राहिली. आता तीच खाली उतरवून, पुसून, नवीन स्टिकर लावून ‘रिफर्बिश्ड, फक्त दोनशे तास चाललेलं’ म्हणून विकली जातायत.

पडून राहिलेलं मशीन का मरतं? आपल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, नायट्रोजन ७८ टक्के आणि उरलेला मुख्यतः आरगॉन. मशीनमधला कॉम्प्रेसर खोलीतली हवा दाबून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक दाण्यांनी भरलेल्या दोन नळकांड्यांमध्ये आळीपाळीने ढकलतो. त्यांना सिव्ह बेड म्हणतात. दाबाखाली झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे जातो. काही सेकंदांनी व्हॉल्व्ह फिरतो, पहिल्या नळकांड्यातला दाब सुटतो, धरलेला नायट्रोजन बाहेर फेकला जातो. तोच तो ‘फुस्स’ आवाज. तोवर दुसरं नळकांडं कामाला लागलेलं असतं. असा ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन मिळतो. आरगॉन ऑक्सिजनबरोबरच राहतो, म्हणून त्याच्या वर जात नाही. कोणी ‘आमचं मशीन ९९ टक्के देतं’ म्हणाला तर तिथूनच उठा.

पण झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याची ओढ कितीतरी जास्त. दमट हवेत उघडं राहिलं की दाणे ओल धरतात, आणि ती ओल मशीनच्या रोजच्या दाबाने निघत नाही. मग नायट्रोजन धरायला जागाच उरत नाही. मशीन चालू होतं, आवाज येतो, नळीतून हवा येते, रोटामीटरमधली (मिनिटाला किती लिटर हवा येते ते दाखवणाऱ्या नळीतली) गोळी वर चढते. सगळं दिसायला चोख. फक्त बाहेर येणारी हवा ऑक्सिजन नसते.

आता तो क्षण सांगतो, जो आजही डोक्यातून जात नाही.

दुकानात मशीन चालू केलं. मी सवयीने मागच्या बाजूला हात नेला, हवा कुठून सुटते ते बघायला. मफलरच्या (हवा बाहेर सोडणाऱ्या सायलेन्सरच्या) तोंडाशी बोटाला पांढरी भुकटी लागली, गव्हाच्या पिठासारखी बारीक. मी म्हटलं, “हे काय?” विकणारा म्हणाला, “सर, भिंतीचा चुना आहे, कालच दुकानाला रंग दिलाय.” मी बोट पँटला पुसलं. ती भुकटी झिओलाइटची होती. बेडमधले दाणे सैल झाले की एकमेकांवर घासून त्यांचं पीठ होतं आणि ते एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. आमच्या कारखान्यातल्या एअर ड्रायरच्या मफलरवर अशी पांढरी भुकटी दिसली की मीच सांगतो, डेसिकंट (ओल शोषणारे दाणे) संपला, बदला. तेच पीठ माझ्या बोटावर होतं.

फुसकारासुद्धा ऐकला होता. एक ठसठशीत, दुसरा लांबट, दमलेला. दोन्ही बेड आणि व्हॉल्व्ह ठीक असतील तर दोन्ही फुसकारे सारखे यायला हवेत. कानाने ऐकलं, पण मन दुसऱ्या दिवशीच्या डिस्चार्जमध्ये होतं.

त्याने दाखवलेला डेमो नीट समजून घ्या, कारण सगळीकडे साधारण असाच असतो. नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून बुडबुडे दाखवले. बुडबुडे कुठल्याही हवेचे येतात, मत्स्यालयाच्या पंपाचेही येतात. मग स्वतःचा मीटर लावून ९१ टक्के दाखवले. पण त्या वेळी गोळी एक लिटरवर होती. मेलेलं मशीनही एका लिटरला ऐंशी-नव्वद दाखवू शकतं, कारण थोडीच हवा गाळायची असते. खरी परीक्षा पाच लिटरला होते. मी म्हटलं असतं, “पाचवर करून दाखवा,” तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं.

घरी आल्यावर पहिले काही दिवस आईचं सॅच्युरेशन ८७-८८ होतं. मग ८५. आम्ही गोळी तीनवर नेली, मग पाचवर. सॅच्युरेशन हलेना. फोन केला की दर वेळी नवीन कारण: नाशिक उंचावर आहे, व्होल्टेज कमी आहे, नळी लांब आहे, फिल्टर धुवा. ही चारही कारणं खोटी निघाली. नाशिक समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे मीटर, अशी मशीनं त्याच्या तिप्पट उंचीवरही चालतात. नळीच्या लांबीने प्युरिटी (हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) बदलत नाही. व्होल्टेज मी स्वतः मोजलं, २२८ होतं. फिल्टर धुतलेला होता. मग माणूस पाठवून २,२०० घेतले, दोन आठवड्यांनी ‘सिव्ह बदलले’ सांगून ६,८००. जुने सिव्ह मागितले तर “कंपनीला परत द्यावे लागतात.” जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय पार्ट बदलल्याचे पैसे कधीही देऊ नका.

सातव्या आठवड्यात आईला ऐंशीच्या खाली गेल्यावर ॲडमिट केलं. तिथे भिंतीतल्या पाईपच्या ऑक्सिजनवर, फक्त दोन लिटरवर, दहा मिनिटांत ९१. डॉक्टर म्हणाले, “आधी ते मशीन तपासा.” मग मीटर मागवला. मशीन वीस मिनिटं गरम होऊ दिलं, ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली काढून थेट तोटीवर मोजलं:

१ लिटरला ८९ टक्के
२ लिटरला ७१
३ लिटरला ५८
५ लिटरला ४१

हिशोब करून बघा. साध्या हवेत २१ टक्के असतोच, त्याच्या वर किती मिळालं ते महत्त्वाचं. दोन लिटरला ७१ म्हणजे मिनिटाला एक लिटर जास्तीचा ऑक्सिजन. पाच लिटरला ४१ म्हणजेही नेमका एकच लिटर. आम्ही गोळी दोनवरून पाचवर नेली आणि आईला ऑक्सिजनचा एक थेंब जास्त मिळाला नाही. नुसता वारा वाढवत होतो, आईचं नाक कोरडं पडून रक्त येत होतं. चांगलं मशीन दोन लिटरला ९३ टक्के देतं, म्हणजे १.४४ लिटर. रोटामीटरची गोळी हवेचं प्रमाण दाखवते, त्या हवेत काय आहे ते दाखवत नाही.

प्युरिटी ८२-८५ च्या खाली गेली की चांगल्या मशीनचा दिवा लागतो, भोंगा वाजतो. आमच्याचा का वाजला नाही? रागाच्या भरात मशीन उघडलं. ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरकडे जाणारी सिलिकॉनची बारीक नळी कापून तोंडात स्क्रू ठोकलेला. बझरची एक वायर कापलेली. सिव्ह बेडवरचे जुने स्क्रू गंजलेले, त्यांना पान्याचा स्पर्शही झालेला नव्हता. ६,८०० तिथेच कळले. कॉम्प्रेसरच्या प्लेटवर साल २०२०, बाहेरच्या स्टिकरवर २०२३. तासांचा मीटर २१४ दाखवत होता. नंतर उत्पादक कंपनीला सिरीयल नंबर कळवला, तर मशीन मे २०२१ मध्ये विकलेलं निघालं. हा फोन दहा मिनिटांचा असतो. तो पैसे देण्याआधी करा.

आणि मशीन स्वतः उघडू नका. आता तो म्हणतो, “यांनीच उघडून बिघडवलं.” आधी चालू मशीनचा, मीटरचा आणि गोळीचा एकाच फ्रेममध्ये व्हिडिओ घ्या, सिरीयल नंबर दिसेल असा, मग दुसऱ्या कोणाच्या समोर उघडा.

पोलीस ठाण्यात गेलो. मशीन उचलून नेलं होतं. साहेबांनी ते लावायला सांगितलं, नळीपुढे हात धरला आणि म्हणाले, “हवा तर येतेय की. मग फसवलं कसं?” मी मीटर दाखवला, तर “हा मीटर सरकारी आहे का?” शेवटी “ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” कापलेली वायर, स्क्रू ठोकलेली नळी, खोटं साल, ही दिवाणी बाब कशी? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ते मी कागदावर लिहून नेलं होतं. अर्जावर शिक्का मिळाला, बाकी काही नाही. दोन महिन्यांनी विचारायला गेलो तर अर्ज कोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

मग ज्या खात्याने वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवायचं, तिथे तीन फेऱ्या. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा “सेकंडहँड आमचा विषय नाही.” तिसऱ्यांदा “पक्कं बिल आणि उत्पादकाचं पत्र आणा.” अहो, पक्कं बिल त्याने दिलं असतं तर तो चोर कसला! १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. वैद्यकीय उपकरण विकायला एमडी-४२ ही नोंदणी किंवा औषधविक्रीचा परवाना लागतो. तो त्याच्याकडे आहे का, एवढंच बघायला मी विनवत होतो. बिनपरवाना क्रोसिनची पट्टी विकली तर धाड पडते, आणि जे यंत्र पंधरा तास माणसाच्या नाकाला लावलेलं असतं ते कोणीही गाळ्यात बसून विकतो, त्याला विचारायला कोणी मोकळं नाही. त्या खिडकीपाशी उभा राहून मला रडू आलं, ते रागाचं होतं.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. माझ्याकडे यूपीआयची ५,००० ची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे त्याचे मेसेज आहेत. ३३,५०० रोखीचा पुरावा नाही. रोख देऊ नका. ‘जीएसटी वाचेल’ म्हणून तो कच्ची चिठ्ठी देतो, पण वाचतो तो स्वतः.

नवीन मशीन घेणाऱ्यांनाही एक सांगतो. ‘१ ते ७ लिटर’ लिहिलेली हलकी, स्वस्त मशीनं बघितली. पाच-सहा किलोची. खोक्याच्या तळाला बारीक अक्षरात ‘९३ टक्के, १ लिटरला’ असं असतं. सात लिटरला ती तीस-चाळीस टक्क्यांवर येतात. हे लिहिलेलं असल्याने फसवणूक ठरवणंही अवघड जातं. पाच लिटर खरोखर देणारं घरगुती मशीन साधारण चौदा किलोच्या पुढे भरतं आणि तीनशे-चारशे वॅट वीज खातं. हातात उचलून बघा.

घरचं आहे ते मशीन कमी देतंय असं वाटलं तर लगेच विकणाऱ्याला शिव्या देण्याआधी पाण्याच्या बाटलीचं झाकण बघा. आटे वाकडे बसले की निम्मी हवा तिथूनच जाते. बाटलीच्या पुढची नळी चिमटीत धरा, बाटलीने शिट्टी मारली पाहिजे. नाही मारली तर गळती आहे. लाईट गेली तर म्हणून बी टाईप सिलेंडर भरलेला ठेवा, साधारण १,५०० लिटर, दोन लिटरने बारा तास. मशीन देवघराजवळ ठेवू नका, निरांजन आणि ऑक्सिजन एका खोलीत नको. आणि सीओपीडीच्या माणसाला ९८ दिसावं म्हणून गोळी वाढवू नका, डॉक्टरांनी ८८ ते ९२ लिहिलं असेल तर तेवढंच. जास्त ऑक्सिजनने त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस झोपेतच गुंगतो.

त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे, फोटो तेच, भाव आता ३६,०००. आईसाठी सध्या भाड्याचं मशीन आहे, महिना ५,५००. ते मी पाच लिटरला ९३ आलेलं बघूनच घरात घेतलं. ऑक्सिजन मीटर कपाटात आहे. सातपूर, सिडको, इंदिरानगरकडे ओळखीत कोणी मशीन घ्यायला निघालं असेल तर घेऊन जा, भाडं नको. वीस मिनिटं मशीन चालू ठेवा, बाटली काढा, आधी डॉक्टरांनी लिहिलेल्या लिटरवर मोजा आणि मग पाचवर. मोजून झालं की मीटर परत आणून द्या, पुढच्याला लागेल.