स्टोन्सचे दोन अल्बम: गाडीत कुठला लावायचा?

फोंडा ते पणजी रोजची ये-जा, त्यामुळे रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचे हे दोन्ही अल्बम गाडीतच घासून ऐकलेत. २०१६ चा 'ब्लू अँड लोनसम' आणि २०२३ चा 'हॅकनी डायमंड्स'. पहिला म्हणजे जुन्या शिकागो ब्लूजची (शिकागोतल्या कृष्णवर्णीय कलाकारांचं इलेक्ट्रिक गिटारवालं संगीत) १२ गाणी, सगळी दुसऱ्यांची, लंडनच्या स्टुडिओत ३ दिवसांत उरकलेली, आणि ते ऐकताना कळतं राव, कारण कुठेच पॉलिश नाही, गिटारी एकमेकींच्या अंगावर येतात आणि गायक मिक जॅगरचा माउथ ऑर्गन तर असा सुटलाय की सत्तरी ओलांडलेला माणूस आहे हे विसरायलाच होतं. दोन गाण्यांत गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनपण आहे.

'हॅकनी' स्वतःच्या गाण्यांचा. चकचकीत, आवाज मोठा, लेडी गागा, स्टीव्ही वंडर वगैरे पाहुणी मंडळी. हायवेवर मस्तच. पण बँडचा जुना ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ मध्ये वारला, त्याचे ड्रम्स फक्त दोन गाण्यांत, बाकी बहुतेक ठिकाणी स्टीव्ह जॉर्डन. तो वाजवतो दणकून, पण चार्लीचं ते जरासं मागे रेलून वाजवणं वेगळंच हो. शेवटी मात्र ब्लूजवाल्या मडी वॉटर्सचं तेच गाणं घेतलंय ज्यावरून बँडला नाव मिळालं, नुसते जॅगर आणि गिटारिस्ट कीथ रिचर्ड्स, आणि तिथे 'हॅकनी' एकदम पहिल्या अल्बमच्या घरात जाऊन बसतो.

पावसात मांडवीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलं की मी 'ब्लू'च लावतो. मित्राला विचाराल तर तो 'हॅकनी' म्हणेल, पण त्याची गाडीपण नवीन आहे.