आक्षीचं घर, खांबावरचा पेलिकन आणि आमचे चौदा हजार

लिहू की नको करत पंधरा दिवस घालवले, कारण फसलेल्या माणसाला पैशांपेक्षा लोक काय म्हणतील याचंच जास्त वाटतं. पण थंडीत अलिबागकडे जाणारे खूप असतात म्हणून लिहितेय.

आम्हाला जायचं होतं आक्षीला. थंडीत तिथल्या किनाऱ्यावर कुरव, सुरय, चिखल्या, नशीब असेल तर कालवफोड्यापण दिसतो, आणि बघायची खरी वेळ म्हणजे भरती चढताना, पाणी पुढे सरकतं तसे लांबवर पांगलेले पक्षी आपोआप आपल्या बाजूला येतात. त्यामुळे मी आधी भरती बघते, मग तारीख. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, कोकणात कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. रविवारी द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे उजाडल्यापासून आरामात दोन तास मिळणार. एवढा हिशोब केला आणि जिथे करायचा होता तिथे नाही केला.

घर सापडलं मॅपवर. कौलारू, पुढे सुपारीची वाडी, पडवीत झोपाळा, "बीच टच, बर्ड वॉचिंग पॉइंट ५० मीटर". दोन रूम, दोन रात्री, १४,००० रुपये. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून तळमजलाच हवा होता, तर पलीकडचा म्हणाला तुम्ही म्हणाल तसं मॅडम. बोलणं एकदम गोड. मी सहज विचारलं, दादा, रविवारी भरती किती वाजता? तर म्हणतो, "मॅडम, आपल्याकडे भरती चोवीस तास असते." मी हसले! नवऱ्याला जोक म्हणून सांगितलं पण. तिथेच समजायला हवं होतं, पण मी मनाशी म्हटलं, नवा पोरगा असेल, घाटावरून आलेला, त्याला काय माहीत.

अर्धे आधी द्या म्हणाला, ७,००० पाठवले. पाठवताना ॲपवर नाव आलं एका बाईचं, म्हणे वहिनींचं खातं आहे. दहा मिनिटांनी फोन, की सिस्टीममध्ये पेमेंट अडकलंय, बुकिंग कन्फर्म होत नाहीये, तेवढीच रक्कम परत टाका, आधीची ऑटोमॅटिक रिफंड होईल. टाकली. हो, टाकली, आता हसा. संध्याकाळी रिफंडचं विचारलं तर म्हणाला राहू द्या ना मॅडम, फुल पेमेंट धरतो, इथे आल्यावर एक रुपया द्यायचा नाही. आणि मला उलट बरंच वाटलं.

शनिवारी मांडव्याला उतरून रिक्षाने दुपारी आक्षीला पोचलो. लोकेशनवर घर होतं, अगदी फोटोतलंच, तोच झोपाळा. आतून एक काकू आल्या, सामानाकडे बघितलं आणि विचारायच्या आधीच म्हणाल्या, "रूम ना? अहो, आम्ही रूम देतच नाही. या महिन्यातले तुम्ही तिसरे." मुलीच्या लग्नातले घराचे फोटो कुणीतरी उचललेत आणि येणारा प्रत्येक जण त्यांच्यावरच ओरडतो. आधीच्या एकाने तर फाटकाला लाथ मारली म्हणे.

मी तिथूनच त्याला फोन लावला, आणि त्याने चक्क उचलला. सॉरी मॅडम, आत्ता रिफंड करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका. मी टाकत होते हो! भाच्याने फोन हातातून ओढला. मामी, पैसे घेताना पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. त्यानंतर नंबर बंद.

काकूंनी कोकम सरबत दिलं, दोन-तीन ठिकाणी फोन करून नागावला रूम मिळवून दिली, सासूबाईंना टेकायला खुर्ची आणून दिली. रविवारी सकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो, कुरव शेकड्याने होते, पण माझं सगळं लक्ष चौदा हजारांत.

खरी लाज वाटली रात्री. भाचा लिस्टिंगचे फोटो नीट बघत होता. एका फोटोत लाकडी खांबावर पेलिकन बसलेला. म्हणाला, मामी, हा ब्राऊन पेलिकन आहे, हा अमेरिकेच्या किनाऱ्यावर असतो. पंधरा वर्षं मी दुर्बीण गळ्यात घालून फिरतेय. पक्षी दिसला एवढ्यावरच खूश झाले, कुठला ते बघितलंच नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० नंबरला, फोन केला तो सोमवारी घरी आल्यावर, ही दुसरी घोडचूक. फाटकात उभं असतानाच करायचा होता, लवकर कळवलं तर पैसे खात्यात असतील तेवढे तरी रोखता येतात. बँकेत कळलं की आमचे पैसे आले त्याच दिवशी पुढे दुसऱ्या खात्यात गेले होते. सायबर क्राइमच्या पोर्टलवर स्क्रीनशॉट आणि यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर) टाकून तक्रार केलीय, तक्रारीचा नंबर मिळालाय, पैसे नाहीत.

आता बुकिंग करताना मी सरळ व्हिडिओ कॉल करायला सांगते, फाटकापासून विहिरीपर्यंत चालत दाखवा म्हणते. खरे घरवाले हसत दाखवतात, एकाने तर मांजरपण दाखवली. ॲपवर आलेलं नाव आणि बोलणारा माणूस वेगळे असले तर शेजारच्या दुकानाचा नंबर मागते. आणि भरतीचं विचारतेच.

परवा काकूंचा फोन आला होता. फाटकावर पाटी लावलीय, "येथे रूम मिळत नाहीत". तरी गेल्या शनिवारी एक कुटुंब आलंच, लहान बाळ घेऊन.